झाड पडलं नव्हतं

दिवेआगर
९ फेब्रुवारी २०२५

श्री. यज्ञेश्वर यांस,

आधी ‘अहो’ लिहिलं होतं, ते खोडलं. सदतीस वर्षांत तुमचं नाव मी उखाण्याबाहेर कधी घेतलं नाही. आज कागदावर घेतलं आहे, त्यावरून काय ते समजा.

तुमची चिठ्ठी पोचली. वाचायचा चष्मा, रक्तदाबाच्या गोळ्या आणि दोन सुती सदरे पाठव, बाकी सविस्तर भेटीअंती. सगळं पिशवीत भरून सकाळच्या अलिबाग गाडीच्या कंडक्टरकडे दिलं आहे. भेट कुठली, ते मात्र मला कळलं नाही. मी तुम्हाला या घरातून जा म्हटलं, ते चार दिवस हवापालट करून या, अशा अर्थानं म्हटलं नव्हतं.

फोन मी उचलत नाही, कारण फोनवर तुम्ही ‘हं’ म्हणता, आणि तुमचं ‘हं’ ऐकलं की माझं बोलणं आपोआप थांबतं. कागदावर तसं होत नाही. गावात सांगितलं आहे, गुडघ्यांच्या उपचारासाठी भावाकडे गेलेत. तुमची अब्रू राखायला नव्हे. मला दारावर चौकश्या नको होत्या.

माझ्या जावेचा, नूतनचा, निरोप आला की तुमच्या धाकट्या भावाच्या घरी बसून तुम्हाला माझी काळजी वाटते, एवढ्या आगरात ही एकटी कशी राहत असेल. न्हावा शेव्याला क्लिअरिंगच्या ऑफिसात तुम्ही तीस वर्षं काढलीत. शनिवारी यायचात, सोमवारी जायचात. मंगळवार ते शुक्रवार मी इथे कोणाबरोबर राहत होते?

तर ऐका, मी मजेत आहे. सकाळी चहा घेऊन मागल्या पायरीवर बसते. टीव्हीवरच्या बातम्या नसल्यामुळे दयाळ पक्षी काय गातो ते शेवटपर्यंत ऐकू येतं. विहिरीच्या कठड्यावर बसून गातो, आणि मध्ये थांबून, कोणी ऐकतंय का ते बघतो. शिंप्यानं अनंताची दोन पानं शिवायला घेतली आहेत. पोफळींना शिपणं सुरू केलं की पाटात बुलबुल आंघोळीला उतरतात आणि अकराच्या सुमारास मुंगसाची जोडी पाट ओलांडून जाते, अगदी ऑफिसला निघाल्यासारखी. पुढच्या दोन्ही कलमांना मोहोर आहे. दुपारी मऊ भात, मेतकूट आणि तूप खाऊन मी तासभर झोपते. कोणी उठवत नाही.

दहा वाजता वेणूबाई येते. झाडलोट झाली की आम्ही दोघी पायरीवर बसून चहा पितो, सारख्या कपांतून. तुमच्यासमोर ती न्हाणीमागे बसून प्यायची. तेव्हा मी काही बोलले नाही, हेही इथे लिहून ठेवते.

मी आनंदात आहे आणि या आनंदाचाच मला राग येतो. तो तुम्ही इथे असताना मिळायला हवा होता. आणि मान जरा डावीकडे वळली की तिथे तुमच्या दोन नव्या खोल्या दिसतात, पर्यटकांसाठी बांधलेल्या. मग हातातला कप खाली ठेवावा लागतो. मागच्या एप्रिलमध्ये मी आपल्या लेकीच्या, क्षिप्राच्या, बाळंतपणासाठी पुण्याला होते. त्या जागेवरचा रायवळ आंबा तुम्ही तोडलात. त्याच्या ढोलीत ककणेर धनेशाची मादी पिल्लांसकट बंद होती, हे तुम्हाला ठाऊक होतं. मला सांगितलंत, वाऱ्यानं पडला. आठ महिने तेच सांगत राहिलात.

निळ्या सदऱ्याचं वरचं बटण तुटलं आहे. मी लावलेलं नाही.

सुचित्रा


दिवेआगर
२२ फेब्रुवारी

श्री. यज्ञेश्वर यांस,

काल तो आला.

मी सुपाऱ्या वाळत घालत होते. ठक् ठक् असा आवाज आला, वाटलं दारावर कोणी आहे. बघते तर नव्या खोलीच्या खिडकीशी ककणेराचा नर. काचेत स्वतःला बघून चोच आपटत होता. तोच तो. चोचीवरच्या शिंगाचा उजवा कोपरा उडालेला आहे, गेली चार वर्षं मी त्याला ओळखते. पाऊण तास आपटत होता. शेवटी मी माझी दोन जुनी लुगडी काचांवर बाहेरून बांधली, तेव्हा थांबला. नंतर छपराच्या कोपऱ्यावर बसून राहिला. जिथे ढोली होती, बरोबर त्या उंचीला आता तुमच्या पाण्याच्या टाकीचा पाइप आहे.

चक्रीवादळात गावातली मोठी झाडं गेली म्हणून ते जोडपं आपल्या परसात आलं, हे मी तुम्हाला कितीदा सांगितलं होतं. मादी फाल्गुनात ढोलीत शिरते, चिखलानं आणि विष्ठेनं तोंड लिंपून घेते. एक फट तेवढी ठेवते. आत तिची उडायची पिसं गळून जातात. मग ती आणि पिल्लं, सगळ्यांचा जीव बाहेरच्या एकट्या नराच्या चोचीवर. मी वहीत तारखा लिहायचे. पहिल्या वर्षी तर तुम्हीही माझ्या शेजारी बसून मोजलं होतंत, दिवसाला किती उंबरं आणतो ते. म्हणून म्हणते, तुम्हाला ठाऊक होतं. ‘मला कल्पना नव्हती’ हे तुम्ही जाताना फाटकाशी म्हणालात, ते परत घ्या.

मला कसं कळलं, हे तुम्ही नूतनकरवी दोनदा विचारलंत. घ्या. पौषात मी वेणूबाईच्या नवऱ्याला, बाबाजीला, फणसाची वाळकी फांदी उतरवायला सांगितलं. तो नको म्हणाला. मी रागावले, म्हटलं आयुष्यभर झाडं तोडलीस, एका फांदीला काय झालं? तो खाली मान घालून निघून गेला. वेणूबाई माझ्याजवळ येऊन म्हणाली, “बाई, त्याला नका बोलू. त्यानं करवत इकून टाकली. त्या आंब्यापासून त्यो झाडाला हात लावत न्हाय.”

मी म्हटलं, कुठल्या आंब्यापासून?

मग तिनं सांगितलं. अर्धं खोड कापून झालं तेव्हा बाबाजीनं मशीन बंद केली. आतून आवाज येत होता. तो तुम्हाला म्हणाला, “काका, आत जीव हाय.” आणि तुम्ही म्हणालात, “काप.”

दोन अक्षरं. सदतीस वर्षांत तुम्ही एवढं स्पष्ट कधी बोलला नव्हतात.

सुचित्रा


दिवेआगर
६ मार्च

श्री. यज्ञेश्वर यांस,

पोस्टकार्ड मिळालं. ‘झालं ते झालं. आता वय झालं आपलं. झाड पडलं, त्यावरून घर मोडायचं का?’

बोर्लीच्या शाळेत मी एकोणतीस वर्षं मराठी शिकवलं. तुमच्या तीन वाक्यांत मिळून एकही कर्ता असा नाही, ज्याला हात आहेत. झालं. वय झालं. झाड पडलं. सगळं आपोआप घडतं. सातवीच्या मुलांना मी सांगत असे की पडणं आणि पाडणं यांत एका कान्याचा फरक आहे. पडण्याला कोणी लागत नाही, पाडण्याला माणूस लागतो. तो काना घालून वाक्य पुन्हा लिहा आणि मग पाठवा.

तोवर माझ्याकडून पत्र नाही.

सुचित्रा


दिवेआगर
३१ मार्च

श्री. यज्ञेश्वर यांस,

तुमचं वाक्य आलेलं नाही, तरी लिहिते आहे, कारण एक गोष्ट माझ्याकडे आहे आणि ती दाबून तुमच्यावर ओरडत राहणं आता मला जड जातं.

आधी घरचं. काल पाडव्याला गुढी मी आणि वेणूबाईनं उभारली. श्रीखंड केलं नाही, नारळाच्या रसातल्या शेवया केल्या, कारण मला त्या आवडतात आणि तुम्हाला आवडत नाहीत म्हणून इतकी वर्षं पाडव्याला झाल्या नव्हत्या. शिंप्याची तीन पिल्लं उडाली. चौथं पानातच राहिलं होतं, मुंग्या लागल्या. कोकमाला हिरवी फळं धरली आहेत. कुरडया घातल्या, अंगणभर. खार येऊन एक पळवते, मग दुसरी पळवते, आणि मी काठी हातात घेऊन नुसती बघत बसते. संध्याकाळी आगरात गारवा येतो. मला ठाऊक नव्हतं की आपलं घर इतकं आवडण्यासारखं आहे.

बाबाजी आला होता, न बोलावता. पडलेल्या माडाचं खोड पोखरून त्यानं एक पेटी केली होती, पुढे भोक, वर झापाचं छप्पर. म्हणाला, फणसाला बांधतो. बांधली. आठ दिवसांनी नर आला आणि त्याच्याबरोबर एक मादी होती. नवी, चोच अजून कोवळी. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. मादी पेटीवर बसली. भोकात डोकं घातलं, काढलं, पुन्हा घातलं. मग उडून गेली. नर तिच्या मागे गेला. परत आले नाहीत. मला त्या मादीचासुद्धा राग आला, इतकी माझी मजल गेली आहे. वेणूबाई म्हणाली, “बाई, आपल्या हातचं घर तिला कशाला गोड लागंल?”

आता ती गोष्ट.

मागच्या वर्षी मी पुण्याहून चार मेला परतले. बाळाच्या कौतुकात होते. परसात गेले तर आंबा नव्हता. तुम्ही म्हणालात, अवकाळीचं वारं आलं, पडला. मी बुंधा बघितला. सपाट होता, पाटासारखा. चक्रीवादळात आपली तीस झाडं पडली, ती सगळी मी बघितली आहेत. वाऱ्यानं पडलेलं झाड मुळासकट येतं, नाहीतर पिळून फाटतं. सपाट पडत नाही.

मला त्याच क्षणी कळलं.

आणि मी म्हटलं, “अरेरे.” हात धुतले आणि तुम्हाला चहा टाकला.

पुढचे अकरा दिवस तो नर चोचीत उंबर धरून येत होता. जिथे ढोली होती तिथे हवेत थबकायचा, पंख फडफडवायचा, मग तारेवर बसायचा. बराच वेळ बसायचा. उंबर खाली पडायचं, तो पुन्हा जाऊन दुसरं आणायचा. मी पायरीवर बसून ते बघितलं आणि तुम्हाला काही विचारलं नाही. बाराव्या दिवशी आला नाही. मी वहीत तारीख घातली.

जानेवारीत वेणूबाईनं सांगितलं तेव्हा मी जो आकांत केला, त्यात नवी बातमी एकच होती, तुमचं ‘काप’. बाकी मला आठ महिने माहीत होतं. मग बोलले का नाही? कारण बोलले असते तर तुम्हाला जा म्हणावं लागलं असतं, आणि खोल्यांचा पाया खणायला माणसं आली होती, क्षिप्रा बाळंतीण होती, तुम्ही कधी नव्हे ते घरात गुणगुणत फिरत होतात. तुम्हाला अखेर हे घर आपलं वाटू लागलं होतं. मी त्याची किंमत मादीला आणि पिल्लांना मोजू दिली.

हे वाचून तुम्हाला हायसं वाटलं असेल तर हा कागद फाडून टाका. माझी चूक लिहिल्यानं तुमची कमी होत नाही.

सुचित्रा


दिवेआगर
१८ एप्रिल

श्री. यज्ञेश्वर यांस,

परवा तुम्ही आलात ते बरं केलंत की वाईट, मी अजून ठरवलेलं नाही. उन्हातून चालत आलात, घाम पुसत फाटकाशी उभे राहिलात. निळाच सदरा होता, वरचं बटण तसंच तुटलेलं. आत येऊ का, विचारलंत. स्वतःच्या घरात शिरायला कोणाची परवानगी मागितली असेल, ही तुमची पहिलीच वेळ. मी तांब्याभर पाणी दिलं, फाटकावरूनच. शेजारच्या ओटीवर बाया बसल्या होत्या आणि तुमच्या गुडघ्यांकडे बघत होत्या.

मी विचारलं ते पुन्हा लिहिते, कारण तुम्हाला प्रश्न विसरायची सवय आहे.

“बाबाजीनं सांगितलं, त्याच्या आधी तुम्हाला तो आवाज आला होता का?”

तुम्ही तांब्या खाली ठेवलात. म्हणालात, “सुचित्रा, किती ताणशील?”

मी म्हटलं, “उत्तर येईपर्यंत.”

तुम्ही वळलात आणि चालू लागलात. वळणापर्यंत मी बघत होते. चक्रीवादळानंतर तिसऱ्या दिवशी तुम्ही याच रस्त्यानं आला होतात, म्हसळ्यापासून पायी, आडव्या झाडांवरून चढत उतरत, पाठीला पाण्याच्या बाटल्या आणि मेणबत्त्या बांधून. मला फाटकात बघून तुम्ही रडला होतात. ते मी विसरलेले नाही. विसरता आलं असतं तर हा राग केव्हाच विझला असता. ज्याला मी ओळखत नाही, अशा माणसानं ते झाड तोडलं असतं तर मी पोलिसांत गेले असते आणि रात्री झोपले असते.

ककणेराची जोडी सापडली. वेणूबाई करवंदांना गेली होती, तिनं बघितलं. टेकडीच्या पायथ्याशी जुना बेहडा आहे, त्याच्या ढोलीत मादी बसली. तोंड लिंपून झालं आहे. मी काठी घेऊन जाऊन बघून आले. नर उंबरं घेऊन येतो, आपल्या परसावरूनच जातो. थांबत नाही.

सुचित्रा


दिवेआगर
६ मे

यज्ञेश्वर,

तुमचं पत्र मिळालं. चार पानं. तुमच्या हातचं एवढं लांब मी लग्नाआधीही वाचलं नव्हतं. पहिलंच वाक्य ‘झाड मी पाडलं’. तिथे मी चष्मा काढून ठेवला आणि आगरात एक फेरी मारून आले.

आवाज तुम्हाला आधीच आला होता, मशीन सुरू व्हायच्याही आधी, कारण तुम्ही खोडाला कान लावला होता. तरी थांबला नाहीत. चार मजूर उभे होते, दुसऱ्या दिवशी गवंडी यायचा होता, आणि एका पाखरासाठी काम थांबवलं तर माणसं हसतील, असं वाटलं. हे तुम्ही लिहिलंत. याहून क्षुल्लक कारण मी ऐकलेलं नाही, आणि म्हणूनच ते खरं असणार.

त्यानंतरचं मला कोणीच सांगितलं नव्हतं. मादी खोडाखाली सापडून मेली, दोन पिल्लं मेली, तिसरं जिवंत होतं. पिसं न फुटलेलं. ते तुम्ही कोकमाच्या सोलांच्या टोपलीत, माझ्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यावर ठेवलंत आणि टोपली न्हाणीत ठेवलीत. पपई कुस्करून बोटानं भरवलीत. दोन दिवस न्हाणीत पाटावर बसून राहिलात. तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेलं आणि तुम्ही त्याला जास्वंदीच्या बुडाशी पुरलंत.

त्या जास्वंदीची फुलं मी वर्षभर रोज देवाला वाहते आहे.

हे वाचून माझं मन विरघळेल, असं तुम्हाला वाटलं असेल तर ऐका. मला आधीपेक्षा जास्त राग आला. असं करणारी माणसं दगड असतात, असं मी तीन महिने स्वतःला समजावत होते. ते सोपं होतं. आता कळतं की तुम्ही दगड नव्हतात. तुम्ही कान लावलात, काप म्हणालात, मग दोन दिवस भरवत बसलात, आणि मग मला सांगितलंत वारं आलं होतं. हे सगळं एकाच माणसानं केलं. त्याच्याबरोबर मी आता कशी राहू, हे मला कोणी सांगू शकत नाही.

शेवटी लिहिलंत, की मी पुण्याहून आल्यावर विचारीन, म्हणून तुम्ही उत्तर तयार करून ठेवलं होतं. खरं उत्तर. मी बुंध्याकडे बघितलं तेव्हा तुम्ही पडवीच्या खांबाशी उभे होतात. मी ‘अरेरे’ म्हटलं आणि तुम्ही सुटलात. दुसऱ्या दिवसापासून गुणगुणायला लागलात. म्हणजे मी ऐकत होते ते घर आवडल्याचं नव्हतं, सुटल्याचं होतं. हे वाचून मी स्वयंपाकघरात बसून राहिले. वेणूबाईनं विचारलं, बाई, काय झालं? मी म्हटलं, काकांचं पत्र आलंय. तिनं आधण उतरवलं आणि माझ्याजवळ बसली.

राग गेलेला नाही, जाईल असं वाटत नाही. तो या घरात राहणार आहे. सकाळचा चहा मी पायरीवरच घेणार, टीव्ही लागणार नाही, आणि वेणूबाई माझ्या शेजारी बसेल. एवढ्यासकट यायचं असेल तर शुक्रवारच्या दुपारच्या गाडीनं या. नव्या खोल्यांपैकी विहिरीकडच्या खोलीत तुमचं अंथरूण घातलं आहे. जेवायला आत या.

शनिवारी क्षिप्रा बाळाला घेऊन येते आहे. तिला अजून वाटतं की झाड वाऱ्यानं पडलं आणि तुम्ही गुडघ्यांसाठी अलिबागला आहात. जेवणं झाली, बाळ झोपलं, की तिला सांगायचं. तुम्ही सांगायचं, मी नाही. पहिल्या वाक्यापासून न्हाणीतल्या टोपलीपर्यंत, सगळं. माझ्या वाट्याचं मी नंतर सांगेन.

मी तुमच्या शेजारी बसेन. सासऱ्यांच्या आजारपणात डॉक्टरशी, क्षिप्राच्या लग्नात व्याह्यांशी, तुम्ही बोलायला लागलात की तुमचं वाक्य मी पुरं करत आले. शनिवारी तुम्ही अडलात तर मी गप्प राहीन. ती वाट बघेल, मीही बघेन, आणि वाक्य तुम्हालाच पुरं करावं लागेल.

सुचित्रा